राज्याची मानचिन्हं: १ मेच्या फलकांचा खर्डा तपासून हवा आहे

पाणकणीस

महाराष्ट्र दिनाला शाळेच्या व्हरांड्यात राज्याच्या मानचिन्हांचे फलक लावायचे आहेत. फलक २ फूट बाय ३ फूट, एका चिन्हाला एक. समूहांतून फिरणाऱ्या याद्यांवरून पहिला खर्डा तयार झालाय तो असा:

राज्यमुद्रा (श्लोकासह), ध्वज भगवा, प्राणी शेकरू ("उडणारी खार"), पक्षी हरियाल ("जमिनीला कधीच पाय न लावणारा, बिया पसरवून जंगल वाढवणारा"), फूल ताम्हण, झाड आंबा, फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, मासा पापलेट, कांदळवनातलं झाड पांढरी चिप्पी, शस्त्र दांडपट्टा, राज्यगीत, खेळ कबड्डी, नृत्य लावणी, मिठाई पुरणपोळी.

फोटो सगळे नेटवरून उतरवलेले आहेत. छापखान्यात जाण्याआधी यातलं ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनी चिरफाड करावी. प्रत्येक फलकावर तीन गोष्टी हव्यात: ओळखायची खूण, ते चिन्ह कशाचं प्रतीक आहे, आणि मुलांना करून पाहता येईल असं काही. भिडेखातर बरं म्हणू नका.

मोडीवाचक

आधी वजाबाकी. महाराष्ट्राला स्वतःचा वेगळा अधिकृत ध्वज नाही. भगव्याचं मराठी मनातलं स्थान निराळं, पण "राज्याचा ध्वज" म्हणून तो छापला की फलक चुकला. कबड्डी, लावणी, पुरणपोळी या तिन्हींचं तेच. ज्याच्यामागे शासन निर्णय किंवा राज्य वन्यजीव मंडळासारख्या अधिकृत बैठकीतला ठराव दाखवता येतो तेवढंच ठेवा. पुरणपोळी फलकावर नको, ताटात चालेल.

आता मुद्रा. इथे दोन वेगळ्या मुद्रा आहेत आणि तुमच्या खर्ड्यात त्यांची सरमिसळ झालीय. शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी. तिच्यावर:

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥

महाराष्ट्र शासनाची मुद्रा गोल, मधोमध दीप, भोवती कमळाच्या १६ पाकळ्या. तिच्यावर हाच श्लोक, पण तिसरा चरण बदललेला: "महाराष्ट्रस्य राज्यस्य". चित्र शासनाच्या मुद्रेचं आणि खाली "शाहसूनोः" असं होऊ देऊ नका.

हा बदल ज्यांनी केला त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. श्लोक अनुष्टुभ आहे, चरणाला आठ अक्षरं. शा-ह-सू-नोः-शि-व-स्यै-षा, आठ. म-हा-रा-ष्ट्र-स्य-रा-ज्य-स्य, आठ. नुसती संख्याच जुळत नाही. अनुष्टुभाच्या विषम चरणात पाचवं अक्षर लघु, सहावं-सातवं गुरू लागतं. "स्य" लघु, "रा" गुरू, आणि "ज्य"च्या पुढे "स्य" हे जोडाक्षर असल्याने तेही गुरू. म्हणजे "शहाजीपुत्र शिवाची" काढून "महाराष्ट्र राज्याची" घातलं, अर्थ फिरला, तरी छंदाला ओरखडासुद्धा नाही. आठवीच्या वर्गाला लघु-गुरू लावायला याहून चांगला श्लोक मिळायचा नाही. मुलांना करून पाहण्यासारखं म्हणाल तर हेच द्या.

अर्थ फलकावर असा लिहा: प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाने वंदिलेली महाराष्ट्र राज्याची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते आहे. पुष्कळ फलकांवर "पौर्णिमेच्या चंद्राप्रमाणे" छापलेलं असतं आणि त्याने मुद्द्याचाच जीव जातो. पौर्णिमेचा चंद्र पुढे घटतो. प्रतिपदेची कोर वाढते, "वर्धिष्णु" शब्द तिथे आहे तो त्यासाठी.

कंपोझिटर

वरच्या प्रतिसादाला जोड. हा श्लोक छापताना चार चुका ठरलेल्या:

"प्रतिपश्चंद्र". चूक. प्रतिपत् + चंद्र, त् चा च् होतो, म्हणून "च्चं".

"वर्धिष्णूर्विश्व" असा दीर्घ णू. चूक. वर्धिष्णुः, ऱ्हस्व.

"शाहसुनो". सू दीर्घ, आणि पुढे विसर्ग.

चौथी चूक डोळ्यांना दिसत नाही. विसर्गाच्या जागी कीबोर्डवरचं अपूर्णविराम चिन्ह (:) टाकलेलं असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण मोठ्या आकारात छापलं की ते दोन ठिपके अक्षरापासून तुटून उभे राहतात, आणि ओळ तिथे तुटली तर पुढच्या ओळीच्या आरंभाला जाऊन बसतात. देवनागरी विसर्ग (ः) वेगळा आहे, तोच टाका.

फ्लेक्सवाल्याला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. त्याच्याकडे बहुधा जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट असतात. तो मजकूर रूपांतरित करतो तेव्हा "ष्णु", "र्वि", "च्चं" ही तीनच ठिकाणं फुटतात: रफार शेजारच्या अक्षरावर जातो किंवा ष आणि ण सुटे पडतात. युनिकोडमध्ये मांडणी करून, अक्षरांचं बाह्यरेषेत रूपांतर करून, पीडीएफच द्या. मग त्याच्या संगणकावर कुठला फॉन्ट आहे याने फरक पडत नाही.

व्हरांड्यात फ्लेक्स वाऱ्याने फडफडतो आणि कडेला फाटतो. ३ मिमी सनबोर्डवर (फोमच्या कडक पाटीवर) चिकटवलेलं विनाइल घ्या, चकचकीत नको, मॅट. चकचकीत फलकावर दुपारच्या उजेडात नुसता व्हरांडाच दिसतो.

पाणकणीस

ध्वज, कबड्डी, लावणी, पुरणपोळी काढली. श्लोक खर्ड्यात "प्रतिपश्चंद्र" असाच होता, लाज वाटली. मुद्रेचं चित्र प्रत्येक फलकाच्या डोक्यावर शोभेसाठी घेतलं तर?

मोडीवाचक

नका घेऊ. मुद्रेबद्दल शिकवणाऱ्या एका फलकावर तिचं चित्र असणं वेगळं, आणि प्रत्येक फलकाच्या, निमंत्रणपत्रिकेच्या डोक्यावर ती असणं वेगळं. दुसऱ्यात हा शासनाचाच कागद आहे असा भास होतो. चिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराविरुद्ध १९५० चा केंद्रीय कायदा आहे, राज्य शासनांच्या मुद्राही त्यात येतात, आणि अशोकस्तंभाच्या राजचिन्हासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. डोक्यावर शाळेचं बोधचिन्ह घाला.

रानवाट

शेकरू. "उडणारी खार" हे शब्द आधी खोडा. उडणारी खार हा वेगळा प्राणी आहे: ती निशाचर, पुढच्या-मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा, आणि ती तरंगत जाते. शेकरू दिवसाचं जनावर. त्याला पडदा नाही. ते उडी मारतं, सहा मीटरपर्यंतची, आणि शेपटीने तोल सावरतं. तुमच्या खर्ड्यातल्या फोटोत हातपाय पसरून चौकोनी झालेला प्राणी आहे, ते शेकरू नव्हेच.

शास्त्रीय नाव रॅटुफा इंडिका. डोकं ते शेपटीचं मूळ फूटभराहून थोडं जास्त, शेपटी त्याहून लांब, वजन दीड-दोन किलो. घराजवळच्या तीन पट्ट्यांच्या खारीशी तुलना करून दाखवा, मुलांना आकार लगेच कळतो.

फोटो निवडताना रंग बघा. भीमाशंकरच्या शेकरूची पाठ तांबूस-तपकिरी, पोट मलईच्या रंगाचं, शेपटीचं टोक फिकट. पाठीवर काळा झगा आणि काळीकुट्ट शेपटी दिसली तर फोटो बहुधा केरळ-कर्नाटकाकडचा आहे. जात तीच, पण उपजात वेगळी. आपल्याकडेही मेळघाट, गडचिरोलीकडची शेकरं सह्याद्रीतल्यांपेक्षा गडद असतात. राज्य प्राण्याच्या फलकावर भीमाशंकरचा फोटो घ्यावा असं माझं मत, कारण १९८५ साली तिथलं अभयारण्य झालं ते मुख्यतः शेकरासाठी. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत.

कशाचं प्रतीक? अखंड जंगलाचं. शेकरू शक्यतो जमिनीवर येत नाही. झाडांचे शेंडे एकमेकांना टेकलेले असतील तरच ते इकडून तिकडे जातं. दहा मीटर रुंदीचा रस्ता काढून दोन्ही बाजूंचे शेंडे छाटले की त्याच्या दृष्टीने जंगलाचे दोन तुकडे झाले, मग एकूण झाडं तेवढीच का असेनात.

एक इशारा. "एका झाडावर एक घरटं, म्हणजे एक शेकरू" असा हिशेब बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. एक शेकरू आपल्या हद्दीत अनेक घरटी बांधतं, झोपायला वेगळी, पिलांसाठी वेगळी. घरटी मोजून संख्या काढतात हे खरं, पण त्यात चालू घरटं आणि सोडलेलं घरटं वेगळं करावं लागतं. हिरवी पानं गुंतलेली असतील तर चालू. सगळं वाळून खालून आभाळ दिसायला लागलं असेल तर सोडलेलं. घरटं बुंध्याजवळ नसतं, फांदीच्या बारीक टोकांकडे असतं, जिथे जड शिकारी पोचत नाही.

झुडूपमाळ

@रानवाट, "शेकरं" हे अनेकवचन वाचून बरं वाटलं. हल्ली सगळीकडे "शेकरूज" चाललंय.

हिरवा पारवा

नावाला जागून हरियालवर लिहितो.

ओळख पायांवरून करा. हरियालाचे पाय पिवळेधमक. आपल्याकडच्या इतर कबुतर-पारव्यांचे, हिरव्या पारव्यांच्या इतर जातींचेही, पाय लालसर असतात. सह्याद्रीत राखी कपाळाचा हिरवा पारवा दिसतो, त्याच्या नराची पाठ तपकिरी-जांभळट. नेटवर "हरियाल" म्हणून त्याचे फोटो सर्रास असतात. पाय झाकलेला फोटो घेऊच नका. दुसरी खूण पंखाच्या खांद्यावरचा फिकट जांभळा ठिपका.

"जमिनीला पाय लावत नाही": लोककथा सुंदर आहे, पायात काडी धरूनच तो खाली उतरतो म्हणतात. पण तो पाणी प्यायला आणि क्षार चाटायला जमिनीवर येतो, क्वचित का होईना. फलकावर "बहुतेक आयुष्य झाडावरच काढणारा" असं लिहा, कथा हवी तर कथा म्हणून खाली द्या.

"बिया पसरवून जंगल वाढवणारा" हे मात्र पुरतं उलटं आहे. धनेश, बुलबुल, कोकीळ फळ गिळतात आणि बी शाबूत बाहेर टाकतात. हिरव्या पारव्यांचं पोट वेगळं. त्यांच्या पेषणीत, म्हणजे जठराच्या स्नायूंच्या त्या पिशवीत, उंबर-वडाच्या बारीक बियांचं पीठ होतं. बरंचसं पोषण त्यांना बियांमधूनच मिळतं. जंगल पेरण्याचं श्रेय धनेशाला द्या.

मग प्रतीक कशाचं, तर वड-पिंपळ-उंबराचं. जुना वड फळला की सकाळच्या उन्हात निष्पर्ण शेंड्यावर थवा बसलेला दिसतो, उन्हं चढली की पानांत शिरतो आणि समोर असून दिसत नाही. मुलांना काम द्यायचं तर परिसरातल्या वड-पिंपळांची यादी करायला सांगा. कोणता कधी फळतो एवढं वर्षभर टिपलं तरी हरियाल कुठे शोधायचा हे कळतं. सकाळी ७ ते ९ मध्ये, आधी आवाज ऐका: घुमणं नाही, शीळ आहे.

पानझड

ताम्हणाचा फोटो बघितला. तो नीलमोहोर आहे! नीलमोहोराची फुलं नळीसारखी, पानं चिंचेसारखी बारीक. ताम्हणाचं फूल मोकळं, सहा पाकळ्यांचं, पाकळी क्रेप कागदासारखी चुरगळलेली आणि देठाकडे एकदम निमुळती, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुपका. पान साधं, लांबट, हाताएवढं.

दुसरी फसवणूक नर्सरीत होते. "ताम्हण" म्हणून चिनी मेंदीचं झुडूप गळ्यात मारतात, तीही लॅगरस्ट्रोमियाच, पण इंडिका. ताम्हण म्हणजे लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा. कळी हातात घेऊन बघा: ताम्हणाच्या कळीवर, फुलाखालच्या हिरव्या पेल्यावर, उभ्या ठळक शिरा-खाचा असतात, बोट फिरवलं तरी लागतात. चिनी मेंदीची कळी गुळगुळीत. नाणा आणि बोंडारा हे याच कुळातले रानातले भाऊ, त्यांची फुलं लहान आणि पांढरी.

मुलांना करण्यासारखं: बी पेरा. लाकडी बोंडं झाडावर वर्षभर लटकलेली असतात, जानेवारी ते मार्चमध्ये सहा फाकांनी उकलतात. उकलायला लागलेली, पण पूर्ण न फाकलेली बोंडं तोडा. पूर्ण फाकलेल्यातलं बी वाऱ्याने गेलेलं असतं आणि हातात रिकामं बोंड येतं. कागदावर दोन-तीन दिवस उन्हात ठेवून आपटा, पंख असलेलं चपटं बी पडेल. चाळलेली पोयटा माती आणि वाळू निम्मी-निम्मी, ट्रेमध्ये पसरून वर बी, त्यावर बी जेमतेम झाकेल इतकीच वाळू. जास्त झाकलं की उगवत नाही. पाणी झारीने नको, बी वाहून एका कोपऱ्यात जातं. फवारा वापरा किंवा ट्रे पाण्यात टेकवून खालून ओल चढू द्या. दोन ते चार आठवड्यांत उगवतं. बरंच बी पोकळ निघतं, म्हणून दहा रोपं हवी असतील तर शंभर बिया टाका. चार खरी पानं आली की पिशवीत.

जागा: ओढ्याकाठचं झाड आहे. डांबराच्या कडेला, मुरमात, पाण्याविना लावलं तर जगतं पण खुरटतं आणि उन्हाळ्यात फुलायच्या ऐवजी पानं टाकतं. अजून एक, फुलं येतात ती नव्या फुटीच्या टोकाला, एप्रिल ते जूनमध्ये. मार्च-एप्रिलमध्ये तारांखालच्या फांद्या छाटल्या की त्या वर्षीचा बहर गेला. छाटायचंच तर फुलोरा संपल्यावर.

प्रतीक म्हणाल तर बहराची वेळच बोलकी आहे: महाराष्ट्र दिनाच्या सुमाराला झाड जांभळं झालेलं असतं. लाकूड पाण्यात टिकतं, होड्यांना वापरायचे. आंब्याबद्दल एकच: तो राज्य *वृक्ष* आहे. आंबा राष्ट्रीय फळ, वड राष्ट्रीय वृक्ष. या तीन गोष्टींची खिचडी प्रत्येक प्रश्नमंजूषेत होते. आणि हापूसची पेटी छापू नका, झाड दाखवा.

लिंबूपान

फुलपाखराच्या फलकावरही परदेशी पाहुणा आहे. संपूर्ण पंख धातूसारखे निळे चमकणारं ते ब्लू मॉर्फो, दक्षिण अमेरिकेतलं. आपलं ब्लू मॉरमॉन म्हणजे पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर: मखमली काळा पंख, मागच्या पंखावर फिकट आकाशी पट्टा आणि त्यात काळे ठिपके, पंखाला शेपूट नाही. शेपूट दिसली तर ते साधं मॉरमॉन. पंखविस्तार १२ ते १५ सेंमी. कुणी राणी पाकोळी म्हणतात, कुणी नीलवंत.

२०१५ साली हे जाहीर झालं आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. वावर मुख्यतः सह्याद्री, दक्षिण भारत आणि श्रीलंकेत, त्यामुळे निवड नेमकी आहे.

शाळेत पाहायचंय तर कुंडीत लिंबू किंवा पपनस लावा. मादी पानावर एकेक सुटं, गोल अंडं घालते. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी, मोठी झाली की हिरवी. डिवचली की डोक्यामागून शिंगासारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. बहुतेक ठिकाणी बेत फसतो तो दोन कारणांनी: माळी "पान खाणारी कीड" म्हणून फवारणी करतो, किंवा कुंडी नर्सरीतून आणतानाच कीटकनाशक मारलेलं असतं. नवी कुंडी आणल्यावर जुनी पानं झडून नवी फूट येईपर्यंत अळीची अपेक्षा धरू नका. हंगाम पावसाळा आणि त्यानंतरचे महिने. १ मेला फुलपाखरू नाही दिसलं म्हणून मुलांनी हिरमुसू नये.

लिंबाच्या झाडावर साध्या मॉरमॉनच्याही अळ्या असतात, हे आधीच सांगून ठेवा. कोशातून काय निघतं ते पाहण्यातच मजा.

खाडीकाठ

पांढरी चिप्पी, सोनेरेशिया अल्बा. २०२० साली जाहीर. तुमच्या फोटोत चिखलातून कमानीसारखी मुळं वर आलेली आहेत, तो कांदळ, म्हणजे रायझोफोरा. "कांदळवन" शब्द टाकला की नेट तेच चित्र देतं. चिप्पीची मुळं कमानी करत नाहीत, चिखलातून जाड शंकूसारखी श्वासमुळं सरळ वर येतात. तिवर या कांदळवनातल्याच दुसऱ्या झाडाची श्वासमुळंही सरळ वर येतात, पण पेन्सिलीसारखी बारीक. या एका खुणेवर तिन्ही झाडं सुटतात.

फूल रात्रीचं. संध्याकाळी उमलतं, पांढऱ्या पुंकेसरांचा कुंचला फुटतो, वटवाघळं आणि पतंग येतात, सकाळी खाली पांढरा सडा. म्हणून दुपारच्या फोटोत नुसता पेला दिसतो आणि लोक म्हणतात फूल कुठाय. फळ हिरवं, चपटं, खाली पाकळ्यांसारखा उलटलेला पेला. चिप्पीची दुसरी जात, अपेटाला, मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत बरीच आहे. तिच्या फुलाला पाकळ्या नसतात आणि स्त्रीकेसराचं टोक छत्रीसारखं पसरट असतं. फलकावर ती जाऊ देऊ नका.

प्रतीक किनाऱ्याच्या पहिल्या भिंतीचं. चिप्पी समुद्राच्या अंगाला, लाटा पहिल्यांदा लागतात तिथे उभी राहते.

आणि कृपा करून "चला कांदळवन लावूया" असा उपक्रम जोडू नका. भरती-ओहोटीची पातळी न बघता उघड्या चिखलावर रोपं टोचली की ती मरतात, आणि तो चिखल चिखल्या-तुतारीसारख्या पक्ष्यांचं ताट असतं, तेही बिघडतं. जिथे ओहोळ बुजून भरतीचं पाणी अडलंय तिथे तो मोकळा केला तर रोपं आपोआप येतात.

जाळंमासोळी

पापलेटाच्या फलकाचा फोटो पाहून हसावं की रडावं! तो रूपचंद आहे. गोड्या पाण्यात पाळतात, पोट लालसर, तोंडात दात. घाटावर "पापलेट" म्हणून विकतात, तो. शेजारी काळा छापलाय तो हलवा, त्याचंही कूळ वेगळं, शेपटीच्या मुळाशी खरखरीत खवल्यांची धार हाताला लागते.

राज्यमासा म्हणजे सिल्व्हर पापलेट, जाहीर झाला सप्टेंबर २०२३ मध्ये. मागणी पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी लावून धरली होती. खुणा: चंदेरी, खवले इतके बारीक की हाताळताच निघून जातात, पोटाखालचे पर नाहीत, शेपटी खोल दुभंगलेली आणि खालचं टोक लांब. शास्त्रीय नाव सगळीकडे पॅम्पस अर्जेंटियस छापलेलं असतं, पण आपल्या किनाऱ्यावरच्या पापलेटाला अभ्यासक आता पॅम्पस कॅन्डिडस म्हणतात. फलकावर मराठी नावच ठेवलंत तर हा वादच नको.

प्रतीकाबद्दल नेमकं लिहा: "चवदार मासा" एवढ्यासाठी हा मान नाही. उत्पादन घटतंय म्हणून संरक्षण हवं, हे कारण. घटतंय का, तर बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांत अंडी घालायच्या वयाला न आलेली पिल्लं मोठ्या प्रमाणावर सापडतात. राज्याने पापलेटासाठी पकडण्याची किमान लांबी १३५ मिमी ठरवली आहे. मुलांसाठी फलकाच्या खालच्या कडेला १३५ मिमीची पट्टी खऱ्या मापात छापा. बाजारात जाताना हाताची वीत त्या पट्टीशी ताडून गेलं की पुरे, वाट्यावर मांडलेली पिल्लं लगेच ओळखू येतात. (कंपोझिटर, पीडीएफ "पानाला बसवा" असं छापलं तर ती पट्टी १२८ ची होईल ना?)

कंपोझिटर

होईल. छापताना प्रमाण १०० टक्के ठेवायचं आणि छापून आल्यावर फूटपट्टी लावूनच पैसे द्यायचे.

मोडीवाचक

दांडपट्टा राहिला. १९ फेब्रुवारी २०२४ ला, शिवजयंतीला, आग्र्याच्या किल्ल्यातल्या कार्यक्रमात राज्यशस्त्र म्हणून घोषणा झाली. फोटोत तुम्ही चाबकासारखं गुंडाळलेलं पातं दाखवलंय, ते केरळातलं उरुमी. दांडपट्ट्याचं पातं सरळ, दुधारी, लवचिक, साधारण ३ ते ४ फूट. खरी ओळख मुठीत: कोपराच्या अलीकडेपर्यंत हात झाकणारा पोलादी खोबळा, आत पात्याला आडवी मूठ, वर हाताला बांधायचा पट्टा. मूठ आडवी असल्याने मनगट वळत नाही, पातं हाताच्याच रेषेत राहतं. म्हणून पट्टा मनगटाने चालत नाही. खांदा, कंबर आणि पायांच्या फिरकीवर चालतो, आणि म्हणून अनेकांनी वेढलेला माणूस त्याने चारी बाजू राखू शकतो. तलवारीसारखा धरलेला दाखवला की चित्रकाराने पट्टा पाहिलेला नाही हे कळतं.

मुलांना करून पाहायला यात काही देऊ नका. पुठ्ठ्याचा खोबळा करून मूठ आडवी का, एवढं कळलं तरी खूप.

राज्यगीत: "जय जय महाराष्ट्र माझा", शब्द राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे, आवाज शाहीर साबळे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून लागू. मूळ गीतातली दोनच कडवी राज्यगीत म्हणून घेतली आहेत, अवधी १ मिनिट ४१ सेकंद. नेटवरून उतरवलेलं पूर्ण गाणं लावलं की तिसरं कडवं सुरू होतं, अर्धी मुलं बसतात, अर्धी उभी. दोन कडव्यांची फाईल वेगळी करून ठेवा आणि आदल्या दिवशी त्याच ध्वनिवर्धकावर वाजवून बघा.

पणजीवाट

आमच्याकडच्या मराठी शाळेसाठी हाच खर्डा वापरावा म्हणत होतो, पण गोव्याची चिन्हं वेगळी: प्राणी गवा, पक्षी लालकंठी बुलबुल, मासा शेवटो. माडाची गोष्ट तर फलकावर हवीच. २०१६ साली वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन माड "झाड" या व्याख्येतून बाहेर काढला गेला, गदारोळ झाला, आणि २०१७ साली तोच माड राज्यवृक्ष म्हणून जाहीर झाला. एका वर्षात झाड नसण्यापासून राज्यवृक्षापर्यंत!

पाणकणीस

चौदा फलकांचे दहा झाले आणि फोटो सहा बदलायचे: शेकरू, ताम्हण, फुलपाखरू, चिप्पी, पापलेट, दांडपट्टा. हरियालाच्या फोटोत पाय पानाआड आहेत, म्हणजे सात. एक शंका: मुद्रेच्या फलकावर श्लोक एका ओळीत बसत नाही. कुठे तोडू?

मोडीवाचक

चार चरण, चार ओळी. "वर्धिष्णुर्विश्ववंदिता" हा शब्दसमूह मधे तोडायचा नाही, जोडरेघही नाही. बसत नसेल तर अक्षर लहान करा. दुसऱ्या चरणानंतर एक दंड, चौथ्यानंतर दोन.

कंपोझिटर

आणि दंड म्हणजे देवनागरी दंड. इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ नव्हे.